चाळीस मिनिटांवरचं घर

आमच्या शाळेत सहावीच्या मुलांना मी एकदा गणित घातलं होतं. दोन गावांमधलं अंतर नव्वद मैल, विमानाचा वेग ताशी एकशे पस्तीस मैल, तर एका गावाहून दुसऱ्या गावी पोचायला किती वेळ लागेल? उत्तर चाळीस मिनिटं. वर्गातल्या नऊ मुलांपैकी एकानेही चाळीस लिहिलं नाही. कुणी लिहिलं, हवा कशी आहे त्यावर अवलंबून. कुणी विचारलं, पायलट कोण आहे? एका मुलीने लिहिलं, विमान येणार असेल तर. मी लाल पेनाने सगळ्यांना शून्य दिलं. मुलं बरोबर होती आणि बाई चूक, हे कळायला बाईंना क्षयरोग व्हावा लागला.

हे लिहितेय ते टीबी झालेल्यांसाठी, आणि त्यातही तो लपवावासा वाटणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसांसाठी. औषधांची नावं आणि डोस इथे मिळणार नाहीत, ते डॉक्टरांना विचारा. गावांची नावंही लिहीत नाही. चारशे वस्तीच्या गावात नाव लिहिलं की माणूसच लिहिल्यासारखं होतं.

एवढं पुरे की आम्ही अलास्काच्या वायव्येला, आर्क्टिक वर्तुळाच्या वर राहतो. आमच्या गावातून कुठेच रस्ता जात नाही. नव्वद मैलांवर एक मोठं गाव आहे, तिथे हॉस्पिटल आहे आणि मोठी धावपट्टी. मध्ये नुसता बर्फ, आणि त्यावरून रोज एक-दोनदा उडणारं नऊ जणांचं विमान.

आधी आम्ही अमेरिकेच्याच दक्षिणेला, प्लेनो नावाच्या शहरात होतो. तिथे शेजारी दिसायचे ते त्यांच्या गॅरेजचं दार उघडून मिटेपर्यंत. मंदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कंपनीचं काम घरूनच करायचं झालं, माझ्याकडे शिकवायचं लायसन्स होतं, आणि आमची ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. मॉरिसव्हिलची नणंद म्हणाली, "वहिनी, लोक इथून कॅलिफोर्नियाला मूव्ह होतात यार, तुम्ही कुठे चाललात?" दोन वर्षांसाठी म्हणून आलो. तिसरं चालू होतं.

खोकला

ऑक्टोबरपासून खोकत होते. आमच्या घराण्यात खोकला हा आजार समजत नाहीत, ऋतू समजतात. आलं, मिरी, गूळ घालून काढा उकळला. हळद-दूध झालं, मधात सितोपलादी झालं. पहाटे घामाने गाऊन ओला व्हायचा तर मी हीटरला शिव्या द्यायची. कपडे सैल झाले तेव्हा मात्र कुणालाच शिव्या दिल्या नाहीत, उलट खूश झाले.

जानेवारीत गावच्या दवाखान्यातल्या बाईने हटकलं. आमच्या गावात डॉक्टर नसतो, शिकवून तयार केलेली गावातलीच एक आरोग्यसेविका असते. ती म्हणाली, एक्स-रे काढून ये, सकाळच्या विमानाने जा, दुपारच्याने परत. मी मटकी भिजत घातली, ईराची वेणी घातली आणि पर्स घेऊन निघाले.

लहान विमानात बसण्याआधी प्रत्येकाला आपलं वजन सांगावं लागतं, तेही चारचौघांत, मोठ्याने. मी नेहमीसारखं एकशे अठ्ठावीस पौंड सांगितलं. एजंटने माझ्याकडे पाहिलं आणि सामान तोलायच्या काट्याकडे बोट केलं. काट्यावर एकशे बारा आले. सोडायला आलेल्या मंदारकडे मी विजयी मुद्रेने पाहिलं. तो हसला नाही.

फक्त पर्स

एक्स-रे काढणारा मुलगा आत गेला आणि बाहेर आला तो तोंडाला मास्क लावून. थोड्या वेळाने मला एका वेगळ्या खोलीत नेलं. तिला दोन दारं होती आणि आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून छतात एक यंत्र घरघरत होतं.

डॉक्टर तरुण होती, मास्कवरून तिचे फक्त डोळे दिसत होते. घरात कुणाला टीबी झाला होता का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं बोलत नव्हते. अमेरिकेत आल्यापासून व्हिसाच्या, नोकरीच्या, बाळंतपणाच्या प्रत्येक फॉर्मवर मी त्या प्रश्नापुढे 'नाही'वरच खूण केली होती.

थुंकीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. बरा होणारा आजार आहे, तिने अगदी सावकाश सांगितलं. सहा महिने औषधं घ्यायची, नीट घेतली तर पूर्ण बरी होशील. मी मान डोलावली. मग ती म्हणाली, पण थुंकी स्वच्छ येईपर्यंत तुला विमानात बसता येणार नाही. बंद हवा असते, नऊ माणसं असतात.

"मग मी घरी कशी जाणार?" मी विचारलं.

रस्ता नाही, गाडी नाही, आणि असल्या छातीने थंडीत उघड्या स्नोमोबाइलवर बसून बर्फातून नव्वद मैल जायचा प्रश्नच नव्हता. किती दिवस, तर तेही नक्की नाही, काही आठवडे. मी तिला म्हणाले, पण मी मटकी भिजत घातलीय. मटकी म्हणजे काय ते तिने विचारलं, मला ते इंग्रजीत धड सांगता येईना, आणि तिथे मला पहिल्यांदा रडू फुटलं.

दमा

मी आईला साताऱ्याला फोन लावला. टीबी म्हटल्यावर पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाहेर कुणाला बोललीस का?" तिचा पहिला प्रश्न हा.

नाही म्हणाले. ती म्हणाली, बोलूही नकोस, न्यूमोनिया सांग. मग म्हणाली, "तुझ्या आत्याला होता."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मी सात-आठ वर्षांची असताना वर्षभर ती आमच्याकडे होती. सारखी खोकायची. आम्हा मुलांना सांगितलं होतं, आत्याला दमा आहे. तिचं ताट-वाटी वेगळी, पेला वेगळा, तो कुणी उचलला की आईचा आरडाओरडा. आणि मी रोज दुपारी तिच्या कुशीत झोपायची. मोठ्यांनी भांडी सांभाळली, पोरगी कुठे झोपते ते कुणी पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाली, हा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो, पण तुझा तिथूनच आला असं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. मला खात्री नको होती. मला आईचा राग आला होता. आमच्या घरातला एक शब्द चाळीस वर्षं खोटा होता, आणि तो मी इमानदारीने प्रत्येक फॉर्मवर उतरवत आले होते.

आता माझी बहादुरी ऐका. एवढं सगळं कळल्यावर, त्याच संध्याकाळी, मी शाळेच्या मुख्याध्यापिकेला मेसेज पाठवला की मला न्यूमोनिया झालाय.

पाठवल्यावर खोलीभर येरझाऱ्या घातल्या. माझ्या वर्गाच्या खिडक्या हिवाळ्यात सीलबंद असतात. नऊ मुलं, रोज सहा तास, आणि बाई फळ्यापाशी उभ्या राहून खोकताहेत. आणि घरी ईरा. ती माझ्याच पांघरुणात झोपायची.

आना

दोन दिवसांनी मेबलचा फोन आला. मेबल ऐंशीच्या जवळ आलेली आहे, शाळेत मुलांना त्यांची इनुपियाक भाषा शिकवते आणि शाळा सुटल्यावर ईराला सांभाळते. त्या भाषेत आजीला आना म्हणतात, म्हणून आमच्या घरातही ती आना. ती फोनवर फार बोलत नाही. बोलली तरी दोन वाक्यांच्या मध्ये आपला चहा पिऊन होईल एवढा वेळ जातो.

"न्यूमोनिया म्हणतात," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

मग तिने सांगितलं की ती पाच वर्षांची असताना तिलाही असंच विमानात घालून नेलं होतं. लांब दक्षिणेला, छातीच्या रोग्यांच्या हॉस्पिटलात. जवळजवळ दोन वर्षं. घरी धाकट्या भावाला खरं सांगितलं नाही, पाहुणी गेलीय म्हणाले.

"तो मला पलंगाखाली शोधायचा," ती म्हणाली. "किती महिने."

ती पुढे म्हणाली, "बाई, तो खोकला आम्हाला ओळखू येतो."

तेव्हा मी खरं सांगितलं. ती रागावेल, मुलांची नावं घेईल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सरकारी नर्स येऊन मुलांना तपासणारच होती, माझं नाव न घेता. पण चारशे माणसांत एक बाई गायब आहे म्हटल्यावर नाव कशाला घ्यायला हवं? आना म्हणाली, लोकांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं की भीती वाटते. तूच सांग.

आमच्याकडे घरोघरी एक छोटा रेडिओ दिवसभर चालू असतो आणि त्यावर कुणीही बोलू शकतं. विमान किती वाजता येतंय, कुणाचा हातमोजा सापडला, आज बिंगोचा खेळ आहे की नाही, सगळं त्यावर. मी पानभर भाषण लिहिलं. मंदारने घरी रेडिओच्या माइकपाशी फोन धरला. प्रत्यक्षात तीनच वाक्यं बाहेर पडली.

"मी गणिताची बाई बोलतेय. मला न्यूमोनिया नाही, टीबी झालाय. मला आधी माहीत नव्हतं, कृपा करून मुलांची तपासणी करून घ्या, आणि मला माफ करा."

नंतर नुसती खरखर. मला वाटलं, संपलं, आता या गावात तोंड दाखवता येणार नाही. मग एका पुरुषाचा आवाज आला, "ऐकलं, बाई." मग कुणी बाईने विचारलं, मुलांना सुई किती वाजता टोचणार. मग तिसऱ्याने सांगितलं, दुकानापाशी कुणाचा तरी कुत्रा सुटलाय, तांबडा पट्टा. मी हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला.

रेडिओवरून सांगितलं म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. तिला वाटलं, बातम्यांत दिलं.

वरणाला परवानगी

हॉस्पिटलातून मला त्याच मोठ्या गावातल्या एका लहानशा निळ्या घरात हलवलं. बाहेर एकटीने चालायला परवानगी होती, दुकानात किंवा कुणाच्या घरी जायला नव्हती. खिडकीतून धावपट्टी दिसायची. आमच्या गावचं विमान उठायचं, बर्फावरून वळायचं आणि ठिपका होऊन जायचं. मी घड्याळ लावून बसायची. चाळीस मिनिटं झाली की मनात म्हणायची, पोचलं.

रोज सकाळी नर्स लिंडा यायची. मी गोळ्या गिळते की नाही ते समोर बसून पाहायचं, हे तिचं काम. पहिले पंधरा दिवस गोळ्या पोटात राहायच्या नाहीत. ती घाई करायची नाही, आपल्या नातवंडांचं काहीबाही सांगत बसायची. माझ्याशी समोर बसून बोलणारं तेच एक माणूस होतं, आणि मी तिची वाट माहेरच्या माणसासारखी पाहायची. एका औषधाने लघवी केशरी होते हे तिने आधीच सांगितलं होतं. डोळ्यांतलं पाणीही केशरी होतं, ते मला रुमाल पाहून कळलं.

मंदार घरी वरण शिजवून दाराबाहेर ठेवायचा. आमच्याकडे अंगण हाच फ्रीजर. ते विटेसारखं कडक झालं की वर्तमानपत्रात गुंडाळून विमानात चढवायचा. वरणाला परवानगी होती, मला नव्हती. आनाने निळी बोरं पाठवली, उन्हाळ्यात तिने स्वतः वेचलेली, आणि सुकवलेला सॅमन मासा. मी जन्माची शाकाहारी. चौथ्या आठवड्यात भूक परत आली तेव्हा उभ्या उभ्या अर्धा मासा खाल्ला आणि हे आईला आजवर सांगितलेलं नाही. हेसुद्धा लपवणंच, पण एवढं चालावं.

सगळंच गोड नव्हतं. एकदा व्हिडिओवर मी मंदारला म्हणाले, ईराचे केस विंचरत नाहीस का? तो तडकला. "मी इथे मीटिंग्ज अटेंड करू, कुकिंग करू की वेण्या घालू? मी एकटा मरतोय इथे." मरतोय हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण माझाही पारा चढला होता आणि मी फोन ठेवला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी विमानाने एक गाठोडं आलं. आत माझी घरची उशी, सुतळीने बांधलेली. चिठ्ठी नव्हती. मी त्या उशीवर डोकं ठेवून दुपारभर झोपले आणि उठून त्याला फोन केला.

ईराचा रिपोर्ट

तपासणीचे निकाल लिंडानेच सांगितले. वर्गातली नऊच्या नऊ मुलं स्वच्छ. मंदार स्वच्छ. आनाला लहानपणी होऊन गेला होता म्हणून तिची तपासणी वेगळी केली, तीही ठीक. मी हात जोडले. मग लिंडा म्हणाली, ईराची पॉझिटिव्ह आहे.

आजार झालेला नव्हता. जंतू तिच्या आत गेलाय आणि झोपलाय, चार महिने औषध घेतलं की बहुधा कधीच जागा होणार नाही, असं ती म्हणाली. एक्स-रे चांगला आला होता. हे सगळं मी ऐकलं आणि मला एवढंच समजलं की ते माझ्या श्वासातून गेलं. आत्याकडून माझ्यात आलं की नाही, देव जाणे. माझ्याकडून ईरात गेलं, यात मला शंका नव्हती. मी आईवर जेवढी रागावले होते त्याच्या दसपट स्वतःवर रागावले.

त्या दिवसापासून मला माझ्याच श्वासाची धास्ती बसली. घरात एकटी असताना मी मास्क लावून बसायला लागले. थंडीत काचेवर माझी वाफ जमली तर पुसून टाकायची. व्हिडिओवर ईराने विचारलं, "आई, व्हाय आर यू वेअरिंग अ मास्क ऑन द फोन?" तिला मात्र कसली खंत नव्हती. आपलीही शू केशरी झाली, ही बातमी तिने रेडिओवरून गावभर दिली होती.

मी हे लिंडाजवळ बोलले. ती म्हणाली, तू खोटं बोलत राहिली असतीस तर ईराला औषध कधी मिळालं असतं? तिचं म्हणणं मला पटलं. तरी मास्क काढला नाही.

परत

मार्चच्या सुरुवातीला थुंकी सलग तिसऱ्यांदा स्वच्छ आली. डॉक्टरने कागदावर सही केली की हिच्यापासून आता कुणाला धोका नाही, विमानात बसू द्यावं. या वेळी तिला मास्क नव्हता. तिच्या गालावर खळी आहे हे मला सात आठवड्यांनी कळलं. तिने माझाही मास्क काढून कचऱ्यात टाकला.

लगेच निघाले असं समजू नका. चार दिवस धुकं होतं. रोज सकाळी बॅग घेऊन विमानाच्या ऑफिसात जायचं, बाकावर बसायचं, नाही म्हटलं की परत यायचं. पाचव्या दिवशी ऊन पडलं. विमानात शेजारी एक गृहस्थ डायपरचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. ते हवापाण्याचं बोलत होते, आणि मी चाळीस मिनिटं तोंड खिडकीकडे वळवून, जमेल तितका कमी श्वास घेत, हो हो करत होते. कागद माझ्या खिशात होता. कागदाला पटलं होतं, मला अजून पटलं नव्हतं.

धावपट्टीच्या कडेला मंदार उभा होता, आना स्नोमोबाइलवर बसली होती, आणि ईरा पुढे. मी शिडी उतरले. वाटलं होतं ती धावत येईल. ती दहा पावलांवर येऊन थांबली. सात आठवडे सगळ्यांनी तिला समजावलं होतं की आईच्या जवळ जायचं नाही, आणि पोर शहाण्यासारखी थांबली होती. मलाही पुढे पाऊल टाकता येईना. मंदार काही बोलायला गेला तर आनाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"कॅन आय कम नाऊ?" ईराने विचारलं.

"ये," मी म्हणाले.

ती आली, एकेक पाऊल मोजत. विमान दिसल्यापासून हात हलवायला म्हणून तिने हातमोजे काढले होते आणि बोटं लालेलाल झाली होती. मी बर्फात गुडघे टेकले. तिने दोन्ही हात ओंजळ करून माझ्या तोंडासमोर धरले.

"दे आर फ्रीझिंग. ब्लो ऑन देम, आई."

माझा श्वास तिथेच अडकला. मी तिचे हात माझ्या हातांत घेतले, चोळले, कोटाखाली ओढायला लागले. ती ऐकेना. तिने हात सोडवून पुन्हा तसेच धरले आणि वाट पाहत राहिली. मी तोंड जवळ नेलं. पहिला श्वास भीतीने अर्धाच सुटला.

"हार्डर," ती म्हणाली.

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या ओंजळीत सोडला.